पाणवठ्यावरची जागा

१

मला घाबरवणारा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात अजून जन्माला यायचाय. हे वाक्य लिहिलं आणि उठून हॉलमधल्या टीव्हीचा पिन भिंतीतून काढलेला आहे ना, ते बघून आलो. काढलेला होता. तसाच आतल्या खोलीच्या दारात उभा राहिलो. माझी बायको गोदू दुपारची झोपलीय. श्वासाचा आवाज येतो का ते ऐकलं. येत होता. म्हणून परत येऊन बसलो. तर ते पहिलं वाक्य खोडलं असं समजा.

मी जगन. मूळचा गव्हाणचा. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून सुटली. पुढं जन्मभर मिठागरात मीठ ओढलं. मग मिठागर विमानतळाच्या भरावाखाली गेलं आणि आम्ही नवरा-बायको विचुंब्याला नव्या बिल्डिंगीत येऊन बसलो. इथं सगळे मला ओळखतात. लिफ्ट भरली की मी मागून बायकी आवाज काढतो, 'वजन जास्त झाले आहे, कृपया जाड माणसांनी उतरावे,' आणि आमचा सेक्रेटरी प्रभाकर मुकाट उतरून जिन्यानं जातो. त्याला अजून वाटतं लिफ्टच बोलते.

पण मस्करी करणाऱ्याचं एक वाईट असतं. त्याच्या घराला आग लागली तरी लोक खाली उभे राहून टाळ्या वाजवतात. म्हणून हे लिहून काढतोय. तोंडानं सांगितलं तेव्हा सगळे हसले.

२

आमचा नेम साधा. दुपारची झोप झाली की गोदू चहा ठेवते आणि मी टीव्हीवर पाणवठा लावतो.

आफ्रिकेत एक जंगल आहे. नाव असं की बोलताना कवळी बाहेर येते. लांब, आडबाजूला, जवळपास गाव नाही की रस्ता नाही. तिथल्या एका पाणवठ्यावर त्यांनी कॅमेरा लावून ठेवलाय. इंटरनेटवर कुणीही बघावं. बातम्या नाहीत, सासू-सुना नाहीत. नुसतं पाणी, आणि येतील ती जनावरं. आपल्याकडं चहाची वेळ होते तेव्हा तिकडं ऊन डोक्यावर असतं. झेब्रे येतात, हरणं येतात, कधी हत्ती. मागं पांढरंफेक मैदान, पार आभाळाला टेकलेलं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बोललो, "अरे, हे तर आपलंच मिठागर. फक्त बगळ्यांच्या जागी हत्ती."

हे खूळ निनादचं. निनाद आमचा एकुलता मुलगा. उरण रोडला कंटेनर यार्डात क्रेन चालवायचा. दिवसभर उंचावर बसलेला असायचा, म्हणून की काय, त्याला लांबचं बघायची सवय. आईला म्हणायचा, "तुला हत्ती दाखवतो. पिंजऱ्यातला नाय, मोकला." गोदू म्हणायची, "आदी लगीन कर, मंग हत्तीवर बसून ये."

मागच्या वर्षी त्याच्या पोटात काहीतरी सुजलं. स्वादुपिंड. असा काही अवयव आपल्या पोटात असतो हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, तोंडावाटे पाण्याचा थेंब द्यायचा नाही. त्यांचं बरोबरच होतं. मी नंतर आणखी कुणाकुणाला विचारलं, सगळे तेच बोलले. पण पोरगा पाणी मागत होता. गोदू ओला कापूस त्याच्या ओठांवरून फिरवायची, तो कापूस चोखायला बघायचा आणि ती हात मागं घ्यायची. उशाशी मोबाईलवर हाच पाणवठा चालू असायचा.

"आई, बघ, किती पानी हाय."

त्यानंतर तो धड असं काही बोलला नाही.

त्यानंतर गोदूही बोलली नाही. म्हणजे 'जेवा', 'दार लावा' एवढं बोलायची. स्वतः दोन घास चिवडायची. मी घरात माकडचाळे केले, प्रभाकरची नक्कल केली, एकदा तर तिचं लुगडं नेसून गॅलरीत उभा राहिलो. खालच्या बाया हसून लोळल्या. गोदूनं लुगडं सोडवून घेतलं आणि घडी करून ठेवलं.

मग एका दुपारी चहा ओतता ओतता बोलली, "आपण जाऊ तितं."

"कुठं?"

तिनं टीव्हीकडं मान केली. तिनं सर्कस मागितली असती तरी मी वाघासकट घरात आणली असती. इतक्या महिन्यांत तिनं काही मागितलं होतं, एवढंच मला पुरे होतं. ती जगायला तयार झाली, असं मी समजलो.

३

टपाल नाक्याजवळ हेतलचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. तिचा बाप परेशभाई आमच्या आगरातून मीठ उचलायचा, ही माणसं उचलते.

मला बघून ती पहिल्यांदा दाराकडंच बोट दाखवायला लागली. "काका, सिरियस असाल तर बसा. तुम्ही चारधामच्या वेळी पप्पांना पाचवं धाम विचारलेलं. पप्पा बिचारे नकाशा घेऊन बसले होते."

"सापडलं का मग?"

"काका!"

पण गोदू माझ्या मागं उभी होती. तिला बघून हेतल खुर्चीतून उठली आणि सगळं नीट सांगायला लागली. मुंबईहून मोठं विमान, मग दुसरं, मग एक बारकं, जे मातीच्या पट्टीवर उतरतं. पुढं जीप. राहायला तंबू. आधी एक लस टोचून घ्यायची, मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या. कपडे मातकट रंगाचे, काळे-निळे नकोत, त्या रंगावर तिथल्या माशा येऊन चावतात.

"आणि काकी, सुकी मच्छी नाही न्यायची. बोंबील तर नाहीच. वासानं तरस तंबूपर्यंत येतो."

"येऊ दे की," मी बोललो. "आमचे पाहुणे पण असेच येतात."

हेतल हसली. मग म्हणाली, बारक्या विमानात बॅगांसारखं माणसांचंही वजन कळवावं लागतं. तिनं टेबलाखालून काटा ओढला. मी चढलो, काटा कण्हला. गोदू चढली. हेतलनं वाकून बघितलं, काट्याला बोट लावलं, पुन्हा शून्यावर आणलं. "काकी, परत उभ्या राहा जरा." गोदू परत उभी राहिली. हेतलनं आकडा तोंडानं सांगितला नाही. नुसतं माझ्याकडं बघितलं.

"बरंच झालं," मी म्हटलं, "हिला पिशवीत घालूनच नेतो." कुणी हसलं नाही. माझा मलाच तो आवाज लिफ्टसारखा वाटला.

"आता नियम ऐका," हेतल म्हणाली. "जीपमधून खाली पाय ठेवायचा नाही. काहीही झालं तरी. पाणवठ्यावर तर अजिबात नाही."

गोदूनं विचारलं, "आनि कुनाला पानी द्यायचं असलं तर?"

हेतलनं माझ्याकडं डोळे वटारले. तिला वाटलं, हे मीच पढवून आणलं.

४

तारीख ठरली, लस टोचून झाली, आणि त्याच आठवड्यात मला ती जागा दिसली.

झेब्रे पाण्यावर आले होते. खांद्याला खांदा, माना खाली, अशी लांबच लांब रांग. आणि मध्ये एक जागा मोकळी. एका माणसापुरती. मागं कितीतरी झेब्रे ताटकळत होते, पण त्या जागेत कुणी शिरत नव्हतं. एक पिल्लू शिरायला गेलं. त्याच्या आईनं त्याच्या मानेला चावून मागं ओढलं.

मी म्हटलं, दगड असेल. नाहीतर तिथं चिखल असेल, पाय रुतत असतील. मगर तर नसेल? पण मगर असती तर शेजारचा झेब्रा असा निवांत कान हलवत पाणी पीत उभा राहिला असता का?

मग हत्ती आला, एका कानाचा लचका तुटलेला. हत्ती आला की सगळे पांगतात, तसे पांगले. मला वाटलं, आता हा जाईल बरोबर त्या जागेवर, एवढं धूड कुणासाठी थांबतंय. तो चालत आला, थांबला आणि चक्क बाजूला सरकला. दाटीवाटीच्या घरात निजलेल्या माणसाचा पाय चुकवून जावं तसा.

गोदू बशीत चहा ओतत होती. तिचं लक्ष नव्हतं. नसावं. मी आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं आणि हेतलला फोन लावला.

"काका, ही मस्करी आहे ना?"

"निनादची शपथ."

पलीकडं तिनं वही ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, कॅम्पवाल्यांना विचारते.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. काठ सपाट आहे, दगड नाही, मगर त्या पाण्यात कधीच नव्हती. त्यांनी काल त्याच वेळी जीपमधून काढलेला फोटो पाठवला होता, तो तिनं माझ्या मोबाईलवर टाकला. तेच पाणी, तेच झेब्रे, आणि मागून येत असलेला, तुटक्या कानाचा तोच हत्ती. झेब्रे काठभर पसरलेले. मधे कुठंच फट नव्हती.

"ते विचारतात काका, कुठली जागा?"

५

मला एकच धास्ती. गोदूला ते दिसता कामा नये. आत्ता कुठं ती माणसात येत होती. तिनं शिंप्याकडून मातकट रंगाचा पंजाबी ड्रेस शिवून आणला होता, जन्मात पहिल्यांदा. आरशापुढं उभी राहून बोलली, "बघा, माकडीण दिसते." मी म्हटलं, "तिथल्या माकडांनी ठेवून घेतली तर मी एकटाच परत येईन." ती हसली होती. खरंच हसली होती.

म्हणून मी टीव्हीपुढं नाचायला लागलो. जनावरं आली की मधे उभा राहून झेब्र्यासारखा खिंकाळायचो. इंटरनेट गेलं म्हणून वायर उपटायचो. भाकरीवरून भांडण काढायचो. गोदू एवढंच बोलायची, "पुढून सरा."

मी सरायचो, आणि ती जागा तिथंच असायची.

मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की ती रुंदावलीय. आणि दोन्ही अंगांनी सारखी नाही. डाव्या बाजूचे झेब्रे अगदी चिकटून उभे. उजव्या बाजूचे अंग चोरून, लांब, आणखी एक माणूस मावेल असे. हे मी कुठंतरी बघितलं होतं. चहा पिता पिता आठवत राहिलो, आणि आठवलं तसा कप खाली ठेवला.

आमच्याकडं लग्ना-हळदीला पंगती बसतात. बाया वाढतात आणि सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं खायला बसतात. निनादला ते लहानपणापासून खपायचं नाही. पहिल्या पंगतीला बसला की एक गुडघा बाहेर पसरायचा आणि त्याच्याही पलीकडं जमिनीवर तळहात टेकवून बसायचा. "ही आईची जागा." भावकीतले ओरडायचे, म्हातारे चिडायचे, कुणी मुद्दाम पाय देऊन जायचे. हात उचलायचा नाही. गोदू येऊन बसेपर्यंत पानातल्या भाताला शिवायचा नाही. पुढं मिशा आल्या, क्रेन चालवायला लागला, तरी तसाच. गोदू लाजेनं मेल्यासारखी व्हायची, आणि बसायची.

मी टीव्हीचा आवाज वाढवला. एरवी वारा असतो, पाखरं असतात, जनावरांचं पाणी ओढणं असतं. त्यात आणखी एक आवाज होता. जनावर जिभेनं पितं, नाहीतर ओठांनी. हा ओंजळीचा होता. ओंजळ भरल्याचा, मग बोटांच्या फटींतून थेंब परत पाण्यात पडल्याचा. मोकळ्या जागेपुढं पाण्यावर गोल वलय उठत होतं. विरत होतं. पुन्हा उठत होतं.

खरं सांगतो, मला भीती नाही वाटली. माझ्या मनात आलं, पी बाबा. पोटभर पी. आता कुणी हात मागं घेणार नाही.

भीती नंतर वाटली. कशाची, तर त्या उजवीकडच्या रिकाम्या जागेची. आम्ही जाणार दोघं होतो, आणि तिथं जागा एकच धरलेली होती.

६

काल दुपारी तिकडचा वारा पडला.

पाणी आरशासारखं झालं. झेब्रे वर उभे आणि खाली पाण्यात उलटे, पायाला पाय जोडलेले. गोदू सोफ्यावर माझ्या शेजारी, मातकट ड्रेसमध्येच. आता ती तो घरातही घालते, सवय व्हावी म्हणून. समोर चहाला साय धरलेली.

मी त्या जागेकडं बघत नव्हतो. पाण्याकडं बघत होतो. वर काठावर काही नव्हतं, नुसता चिखल आणि ऊन. खाली पाण्यात, उलट्या झेब्र्यांच्या मधोमध, एक गुडघा होता. बाहेर पसरलेला. त्याच्यावर टेकलेलं कोपर. बाकीचं उन्हाच्या चकाकीत गेलेलं.

मी त्याचा हात शोधत होतो. गुडघ्याच्या पलीकडं जमिनीवर असायला हवा तो तळहात. तो तिथं नव्हता. हात वर उचललेला होता, छातीपर्यंत.

धरलेल्या जागेवरचा हात माणूस कधी उचलतो?

एक झेब्रा फुरफुरला, पाणी हललं आणि सगळं विस्कटलं. नंतर दिसलं ते एवढंच, की वलयं दोन उठत होती. एकमेकांत मिसळत होती.

"गोदू," मी टीव्हीवरची नजर न काढता म्हटलं, "चहा घे."

"नको. तहान नाय."

"सकाळपासून काही प्यायली नाहीस."

"पोट भरलंय पान्यानं."

मी वळून बघितलं. ती सोफ्यावरच होती. माझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर. मी तिचा हात धरला. थंड होता, आणि बोटांची टोकं सुरकुतलेली, खूप वेळ भांडी घासल्यावर होतात तशी. भांडी तर सकाळची तशीच पडली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. तिचा पिण्याचा तांब्या काठोकाठ. सकाळी मीच भरून ठेवला होता.

तिथंच ओट्याला धरून उभा राहिलो. हॉलमधून ओंजळीचा आवाज येत होता. टीव्हीतून येत असणार. टीव्हीतूनच येत होता.

७

मी जाऊन पिन उपटला. पडदा काळा झाला. त्यात आम्ही दोघं दिसत होतो, मी उभा, ती बसलेली. मी लगेच मधे उभा राहिलो.

"काय झालं?" गोदूनं विचारलं.

"बिघडला."

"तुमी किती नाचलाव या टीव्हीपुढं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. लहान पोराशी बोलतात तसा आवाज. "मना पयल्यापासून दिसतंय. तुमाला दिसायच्या आदीपासून. मी बोलले नाय. म्हटलं, यांना दिसलं तर हे घाबरतील."

जन्मभर मी या बाईला उंदीर दाखवून, खोटे फोन करून, मेल्याचं सोंग करून घाबरवत आलो. आणि ती मला जपत होती. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसलो. गुडघे वाजले. एरवी मी त्यावर एखादा विनोद केला असता.

"गोदू, तिथं तुझी जागा नाही. तुझी जागा इथं आहे."

"मना म्हाईत हाय."

"मग?"

"तो पोरगा जेवला नाय कधी माज्याबिगर."

"तो प्यायला ना पाणी? मी बघितलं, प्यायला. पोटभर प्यायला. आता त्याला सांग, बस झालं, ऊठ म्हणून."

"तुमी सांगा."

मी काळ्या टीव्हीकडं बघितलं. तोंड उघडलं. अख्ख्या गावाचे आवाज काढणारा माणूस मी, मला माझाच आवाज सापडेना.

गोदूनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तोच थंड हात. केसांतून पाण्याचा एक ओघळ माझ्या कानामागं उतरला.

"आपण जायचं नाय," मी म्हटलं. "त्या हेतलला आत्ताच फोन करतो. सगळं रद्द कर म्हणून सांगतो. विमान, तंबू, सगळं. बघतोच मग तू कशी जातेस."

गोदू हसली. अगदी ती माकडीण म्हणताना हसली होती तशी.

"करा की फोन," ती म्हणाली. "अवं, आपला निनाद गेला, तवा त्यानं कुठं तिकीट काढलं व्हतं?"